एका वसाहतीत सामू किती? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील एका लेखात आम्ही असे विधान केले होते की, घट्ट किंवा जेलसारख्या अन्नपदार्थात जिवाणू सुटे फिरत नाहीत. ते जागच्या जागी वाढतात, त्यांच्या वसाहती बनतात आणि अशा वसाहतीच्या आत व भोवती आम्लता, ऑक्सिजन आणि पोषकद्रव्ये यांचे प्रमाण काही मायक्रोमीटरच्या (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरात बदलू शकते. जागेनुसार होणाऱ्या या बदलाला शास्त्रीय मराठीत प्रवणता म्हणतात. आम्ही येथे ‘उतार’ हा सोपा शब्द वापरला आहे. आम्लता सामू (pH) या आकड्यात मोजतात; सामू जितका कमी, तितकी आम्लता जास्त. लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतील ज्या प्रश्नांमुळे विषय पुढे सरकतो तेवढेच येथे घेतले असून, एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पदार्थाचा सामू मोजायला सामूमापक असताना, केसाच्या जाडीएवढ्या वसाहतीच्या आत डोकावण्याचा खटाटोप कशासाठी? पदार्थाचा सामू 5.8 आला, तर त्यातल्या जिवाणूसाठीही तो 5.8 च असणार ना?

उत्तर : पदार्थ पातळ असेल आणि त्यात जिवाणू सुटे असतील, तर बहुतांशी होय. जिवाणूने बाहेर टाकलेले आम्ल द्रवाच्या हालचालीबरोबर वाहून जाते आणि प्रत्येक पेशीला जवळजवळ सारखेच वातावरण मिळते. घट्ट पदार्थात मात्र ही सोय नसते. तेथे अडकलेली एक पेशी दुभंगते, तिच्या दोन्ही लेकी तिच्याच शेजारी राहतात, त्यांच्या लेकीही तेथेच राहतात, आणि साधारण 21 वेळा दुप्पट झाल्यावर 100 मायक्रोमीटर त्रिज्येचा, सुमारे 20 लाख पेशींचा एक गोळा तयार होतो. (हा हिशेब पेशीचे आकारमान एक घन मायक्रोमीटर आणि गोळ्यातील निम्मी जागा पेशींनी व्यापलेली आहे असे धरून केला आहे.) या 20 लाख पेशी एकाच वेळी साखर ओढून घेतात आणि आम्ल बाहेर टाकतात. ते आम्ल बाहेर पडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे विसरण, म्हणजेच रेणूंचे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणे.

विसरणाचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरे त्यावर उभी आहेत. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या प्रमाणात वाढत नाही. तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात लॅक्टिक आम्लाचा विसरणांक (पसरण्याच्या वेगाचे माप) सेकंदाला साधारण 10⁻⁹ चौरस मीटर आहे. म्हणजे 100 मायक्रोमीटर अंतर पार करायला त्याला सुमारे दहा सेकंद पुरतात, एक मिलिमीटरसाठी पाव तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि एक सेंटीमीटरसाठी एक दिवसाहूनही जास्त. त्यामुळे छोट्या अंतरावर विसरण फार चपळ असते आणि मोठ्या अंतरावर फार आळशी. उतार निर्माण होणार की नाही, हे वसाहत या दोन टोकांच्या मध्ये कोठे बसते यावर ठरते.

आता आपल्या 5.8 या आकड्याकडे वळू. सामूमापकाच्या काचेच्या फुग्याचा व्यास काही मिलिमीटर असतो, आणि बहुतेक प्रयोगशाळांत पदार्थ आधी पाणी घालून घुसळतात व नंतर मोजतात. घुसळल्याबरोबर वसाहत आणि तिच्या भोवतालचा पदार्थ एकजीव होतो. त्यामुळे येणारा आकडा खरा असला तरी तो सरासरीचा असतो. ज्या पेशीच्या जगण्यामरण्याचा अंदाज आपल्याला बांधायचा आहे, ती पेशी त्या सरासरीत राहत नाही.

हा फरक किरकोळ नाही, याचे कारण सेंद्रिय आम्लांच्या वागणुकीत आहे. लॅक्टिक आम्ल जिवाणूला मारक ठरते ते मुख्यतः अविघटित, म्हणजे प्रोटॉन न सोडलेल्या रूपात, कारण तेच रूप पेशीपटलातून सहज आत शिरते. या आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू अविघटित असतात तो आकडा, 3.86 आहे. सामू 5.86 असताना त्याचे सुमारे एक टक्का रेणू अविघटित असतात, सामू 4.86 झाला की हेच प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास जाते. सामूच्या एका अंकाच्या उतारावर त्याच आम्लाची धार जवळपास नऊपट होते, आणि वसाहतीत तर सामू उतरतो त्याच ठिकाणी आम्लाची एकूण संहतीही वाढलेली असते.

प्रश्न : इतक्या लहान जागेतला सामू दिसतो कसा? त्यासाठी वसाहत कापावी लागते का?

उत्तर : सुरुवातीला वसाहत कापत नसत, पण टोचत मात्र असत. काचेच्या नळीचे टोक काही मायक्रोमीटरपर्यंत निमुळते करून बनवलेला इलेक्ट्रोड सूक्ष्म स्क्रूच्या साहाय्याने वसाहतीत थोडा थोडा उतरवायचा आणि प्रत्येक पायरीवर वाचन घ्यायचे, अशी ती पद्धत. कार्डिफ येथील ज्युलियन विम्पेनी आणि त्यांचे सहकारी कूम्ब्स यांनी 1983 मध्ये जिवाणूंच्या वसाहतींत ऑक्सिजन किती खोल शिरतो याची मोजमापे याच मार्गाने प्रसिद्ध केली, आणि पुढे अन्नाशी संबंधित जिवाणूंच्या जेलमधील वसाहतींत सामूचे उतारही अशा इलेक्ट्रोडने मोजले गेले. ही पद्धत विश्वासार्ह आहे आणि आजही ती बाद झालेली नाही. तिच्या उणिवा दोन. एक तर ती एका रेषेवरचीच माहिती देते. आणि दुसरे म्हणजे, टोक आत शिरताना मागे भोक पाडते व त्या भोकातून द्रव आणि हवा आत येऊ शकते, म्हणजे जे मोजायचे तेच थोडे बिघडते.

2000 सालाच्या सुमारास अन्नसूक्ष्मजीवशास्त्रात दुसरा मार्ग रुळू लागला, तो फ्लुओरेसंट रंगद्रव्यांचा. अशा रंगद्रव्यावर एका तरंगलांबीचा प्रकाश टाकला, की ते त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश परत देते. काही रंगद्रव्यांत परत येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता सामूनुसार बदलते. ते जेलमध्ये आधीच मिसळून ठेवले, त्यात जिवाणू वाढू दिले आणि वाढ होत असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले, तर वसाहतीला हात न लावता सामूचा नकाशा मिळू शकतो.

यात अडचण अशी, की एखादा ठिपका मंद दिसला तर तेथे आम्लता जास्त आहे की रंगद्रव्यच कमी आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून दोन चित्रे घेतात आणि त्यांचे गुणोत्तर काढतात. फ्लुओरेसीनच्या कुळातील रंगद्रव्यांवर 490 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला, तर मिळणारा प्रतिसाद सामूवर खूप अवलंबून असतो, आणि 440 च्या आसपासचा टाकला तर जवळजवळ अवलंबून नसतो. पहिल्या चित्राला दुसऱ्याने भागले, की रंगद्रव्याचे कमीजास्त प्रमाण अंश आणि छेद या दोहोंतून कटते व उरतो तो सामूचा परिणाम. स्नार्फ या नावाने ओळखली जाणारी रंगद्रव्ये हेच काम उलट्या बाजूने करतात. त्यांच्यावर एकाच तरंगलांबीचा प्रकाश टाकतात आणि परत येणारा प्रकाश 580 व 640 नॅनोमीटर अशा दोन खिडक्यांतून मोजतात. पेशीविज्ञानात गुणोत्तराची ही युक्ती रुजवण्यात रॉजर त्सिएन यांचा वाटा मोठा होता. पुढे 2008 मध्ये हिरव्या फ्लुओरेसंट प्रथिनावरील कामासाठी त्यांना शिमोमुरा आणि चॅल्फी यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

राहिला प्रश्न कापण्याचा. साध्या सूक्ष्मदर्शकात वसाहतीच्या वरच्या आणि खालच्या थरांतला प्रकाश एकमेकांत मिसळतो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात एका बारीक छिद्रामुळे केवळ केंद्रित प्रतलातलाच प्रकाश शोधकापर्यंत पोहोचतो, त्यामुळे सुरी न लावता काप पाहायला मिळतात. या रचनेचे पेटंट अमेरिकी संशोधक मार्विन मिन्स्की यांनी 1957 मध्ये मागितले आणि ते 1961 मध्ये मंजूर झाले. सोयीचे लेझर आणि संगणक हाताशी येईपर्यंत मात्र ती कल्पना बरीच वर्षे पडून राहिली.

प्रश्न : मी अन्नतंत्रज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. जेलमध्ये वाढवलेल्या वसाहतींची फ्लुओरेसीनवर्गीय रंगद्रव्याने मी गुणोत्तर-चित्रे घेतली. सगळ्या वसाहतींचे केंद्र भोवतालपेक्षा स्पष्टपणे आम्लधर्मी दिसले, अगदी लहान वसाहतींचेही. माझे मार्गदर्शक म्हणतात की, हा उतार वसाहतीत नसून यंत्रात आहे. तो वसाहतीतला की यंत्रातला, हे ओळखायचे कसे?

उत्तर : आपले मार्गदर्शक बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याचा सुगावा आपल्याच प्रश्नात आहे : ‘अगदी लहान वसाहतींचेही’. खरा उतार वसाहतीच्या आकारानुसार झपाट्याने बदलायला हवा (ते गणित पुढच्या उत्तरात दिले आहे). लहानमोठ्या सर्व वसाहती सारखाच उतार दाखवत असतील, तर संशय प्रथम प्रकाशावर घ्यावा.

सर्वांत पहिली शंका पार्श्वभूमीची. कॅमेरा किंवा शोधक पूर्ण अंधारातही काही आकडा देतो, आणि जेल व काच यांची स्वतःचीही थोडी चकाकी असते. ती भागाकाराच्या आधी वजा करावी लागते. समजा, मोकळ्या जेलमध्ये 490 वर 200 आणि 440 वर 100 असा खरा प्रतिसाद आहे, गुणोत्तर 2. वसाहतीच्या केंद्रात पेशी दाटीने असल्यामुळे रंगद्रव्याला जागाच कमी उरते. तेथे सामू तोच असूनही प्रतिसाद 40 आणि 20 इतकाच येतो. गुणोत्तर पुन्हा 2. आता दोन्हीकडे 50 ची पार्श्वभूमी वजा करायची राहिली असे धरा. बाहेर 250 भागिले 150, म्हणजे 1.67, केंद्रात 90 भागिले 70, म्हणजे 1.29. या रंगद्रव्यात गुणोत्तर उतरणे म्हणजे सामू उतरणे, त्यामुळे पडद्यावर अतिशय देखणे, गोलाकार, आम्लधर्मी केंद्र उमटते, आणि ते सर्वस्वी खोटे असते. रंगद्रव्य गुणोत्तरातून कटते हे म्हणणे पार्श्वभूमी शून्य असेल तरच खरे आहे. या चुकीत आम्हीही एकदा सापडलो आहोत, आणि चित्र सुंदर होते म्हणून ती लवकर सापडली नाही.

दुसरी शंका प्रकाशाच्या विखुरण्याची. दाट पेशींच्या थरातून जाताना आखूड तरंगलांबीचा प्रकाश लांब तरंगलांबीपेक्षा अधिक विखुरतो. म्हणजे 440 आणि 490 हे दोन्ही किरण केंद्रापर्यंत सारख्या प्रमाणात पोहोचत नाहीत, आणि गुणोत्तर निव्वळ खोलीमुळेही सरकते. जेल पारदर्शक असले तरी वसाहत पारदर्शक नसते, हे आपण विसरतो.

तिसरी शंका अशी की, मोजला जात आहे तो सामू नेमका कोठला? जिवाणू आपल्या पेशीच्या आतला सामू बाहेरच्या सामूपेक्षा बराच वेगळा राखू शकतात. रंगद्रव्य पेशीत शिरले असेल, तर दाट वसाहतीत मिळणारा आकडा हा आतल्या आणि बाहेरच्या सामूंची खिचडी असतो. त्यावर उपाय म्हणून रंगद्रव्य डेक्स्ट्रानसारख्या मोठ्या रेणूला बांधलेल्या रूपात वापरावे. ते अखंड पेशीपटलातून आत जात नाही. मृत पेशींबाबत मात्र ही खात्री देता येत नाही.

आता निवाड्याची कसोटी. ज्या वसाहतींचा उतार आपण पाहिला, त्याच वसाहतींवर तीव्र बफर (सामू सहज बदलू न देणारे द्रावण) ओता आणि तो आत मुरेपर्यंत थांबा. किंवा त्यांचा चयापचय थांबवणारे द्रव्य द्या आणि साचलेले आम्ल विसरणाने निघून जाऊ द्या. पेशी जागच्या जागी आहेत, दाटीही तीच आहे, प्रकाशाचे विखुरणेही तेच आहे. फक्त आम्लाचा परिणाम बफरने शोषला आहे किंवा आम्लाचा स्रोत बंद झालेला आहे. खरा उतार काही मिनिटांत सपाट झाला पाहिजे. तो तसाच राहिला, तर तो रसायनाचा नाही, प्रकाशाचा आहे. ही चाचणी एका दुपारचे काम आहे, आणि ती न केलेल्या चित्रांवर आम्ही स्वतः विश्वास ठेवत नाही.

याशिवाय अंकशोधनाचा (गुणोत्तरावरून सामू वाचण्याचा) आलेख ज्या जेलमध्ये प्रयोग केला त्याच जेलमध्ये, त्याच तापमानाला आणि मिठाच्या त्याच प्रमाणात काढलेला असावा. पाण्यातल्या बफरमध्ये काढलेला आलेख प्रथिने आणि स्निग्धांश असलेल्या पदार्थाला लावणे हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. रंगद्रव्य प्रथिनाला चिकटले की त्याचा प्रतिसाद बदलतो. कोणतेही रंगद्रव्य आपल्या पीकेएच्या दोन्ही बाजूंना सुमारे एकेक अंकापर्यंतच भरवशाचे असते. पीकेए 6.4 असलेल्या रंगद्रव्याने सामू 4.5 मोजला आहे असे कोणी सांगितले, तर तो आकडा नसून ‘बराच कमी’ एवढेच विधान आहे असे समजावे.

प्रश्न : चीजसारख्या पदार्थात वसाहतींभोवती सामूचे उतार सापडलेच नाहीत, असे संशोधन वाचनात आले. मग हा सगळा विषयच प्रयोगशाळेतल्या जेलपुरता आहे काय?

उत्तर : आपण वाचलेले संशोधन बहुधा फ्रान्समधील गटाचे, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेले असावे. त्यात नमुना-चीजमध्ये (प्रयोगासाठी बनवलेल्या चीजमध्ये) लॅक्टोकॉकस या लॅक्टिक जिवाणूच्या वसाहतींभोवती कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने शोध घेतला गेला आणि सामूचे सूक्ष्म उतार आढळले नाहीत. आमच्या मते हे काम या विषयाला छेद देणारे नाही. उलट ‘उतार कोठे असणार नाही’ हे सांगणारे असल्यामुळे ते फार मोलाचे आहे.

कारण साध्या गणितात आहे. गोल वसाहत सर्वत्र सारख्या वेगाने आम्ल बनवते असे धरले, तर स्थिर अवस्थेत तिच्या पृष्ठभागावरची आम्लाची जादा संहती ही निर्मितीचा वेग गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले विसरणांकाची तिप्पट, इतकी येते. केंद्राशी ती याच्या दीडपट असते. यात कळीचा शब्द ‘वर्ग’ हा आहे. त्रिज्या दहापट झाली की उतार शंभरपट होतो.

आकडे घालून पाहू. एक लिटर भरेल एवढ्या दाट वसाहती तासाला दोन मोल लॅक्टिक आम्ल बनवतात आणि जेलमधला विसरणांक पाण्यातल्याच्या निम्मा आहे असे समजा; जोमाने वाढणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंसाठी हा अंदाज अवाजवी नाही. तर 10 मायक्रोमीटर त्रिज्येच्या वसाहतीच्या पृष्ठभागावर आम्ल भोवतालपेक्षा लिटरमागे सुमारे 0.04 मिलिमोलने जास्त असेल, आणि 100 मायक्रोमीटर त्रिज्येच्या वसाहतीवर सुमारे 3.7 मिलिमोलने. पहिला आकडा व्यवहारात शून्यच आहे. दुसऱ्याचे काय होणार, हे पदार्थाच्या बफरक्षमतेवर ठरते. ज्या दुबळ्या जेलचा सामू एका अंकाने उतरवायला लिटरमागे चारच मिलिमोल आम्ल पुरते, तेथे जवळजवळ पूर्ण एका अंकाचा उतार दिसेल. जेथे त्याच कामासाठी 40 मिलिमोल लागतात, अशा प्रथिने आणि फॉस्फेटने भरलेल्या पदार्थात तो दहाव्या हिश्शावर येईल आणि मोजमापातल्या चुकीत बुडून जाईल.

मग वसाहत 10 मायक्रोमीटरची होणार की 100 ची, हे कोण ठरवते? मुख्यतः सुरुवातीची संख्या. विरजण म्हणून ग्रॅममागे दहा लाख पेशी घातल्या, तर त्यांच्यातले सरासरी अंतर सुमारे 100 मायक्रोमीटर असते. एकूण संख्या ग्रॅममागे 100 कोटींपर्यंत गेली तरी प्रत्येक पेशीच्या वाट्याला हजारपट वाढच येते, म्हणजे हजार पेशींची, सात-आठ मायक्रोमीटर त्रिज्येची चिमुकली वसाहत. अशा लाखो वसाहती सर्वत्र पसरलेल्या असल्या, की पदार्थ सगळीकडे एकसारखा आंबतो आणि स्थानिक उताराला जागाच राहत नाही. याउलट नको असलेला एखादा जिवाणू ग्रॅममागे एकच शिरला आणि त्याची संख्या दहा लाखांवर गेली, तर त्या सर्व पेशी एकाच गोळ्यात असतात, आणि त्या गोळ्याची त्रिज्या 80 मायक्रोमीटरच्या घरात जाते. एकाच पदार्थात, एकाच वेळी, विरजणाच्या वसाहतींना उतार नसावा आणि घुसखोराच्या वसाहतीला असावा, हे सहज शक्य आहे. म्हणून ‘या पदार्थात उतार असतो का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या वसाहतीला, किती मोठी झाल्यावर आणि किती बफरमध्ये, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

प्रयोगशाळेतल्या जेलबद्दलची आपली शंका मात्र एका अर्थाने रास्त आहे. पारदर्शक, दुबळ्या बफरचे जेल आणि थोड्या पेशी हा मांडणीचा प्रकार संशोधक निवडतात, कारण त्यात उतार स्पष्ट दिसतो. तेथे दिसले ते खरेच असते. ते सर्व अन्नांना लागू करणे चूक ठरते.

प्रश्न : ऑक्सिजनच्या बाबतीतही असेच असते का?

उत्तर : तत्त्व तेच, पण आकडे फार वेगळे आहेत. हवेच्या संपर्कातील पाण्यात 25 अंश सेल्सियसला ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिमोलच्या आसपास विरघळतो. साठाच इतका तुटपुंजा असल्यामुळे श्वसन करणाऱ्या दाट वसाहतीत तो काही दशक मायक्रोमीटर खोलीतच संपतो. आम्ही केलेल्या ढोबळ हिशेबात ही खोली 40 मायक्रोमीटरच्या आसपास येते, आणि वर सांगितलेल्या इलेक्ट्रोडच्या मोजमापांशी ते सुसंगत आहे. त्यामुळे सामूचा उतार नसलेल्या वसाहतीतही ऑक्सिजनचा उतार असू शकतो, आणि बाहेरून हवेशीर दिसणाऱ्या वसाहतीचा गाभा पूर्णपणे विनॉक्सी (ऑक्सिजनरहित) असू शकतो. ऑक्सिजनचा नकाशा काढायला रुथेनियम किंवा प्लॅटिनमयुक्त रंगद्रव्ये वापरतात. ऑक्सिजन त्यांची चकाकी शमवतो, आणि चकाकी किती काळ टिकते ते मोजले तर रंगद्रव्याच्या प्रमाणाचा प्रश्नही टळतो.

येथे एक सापळा सांगायला हवा. वसाहतीच्या कोणत्या भागात कोणते जनुक चालू आहे हे पाहण्यासाठी अनेक जण जिवाणूत हिरव्या फ्लुओरेसंट प्रथिनाचे जनुक घालतात. या प्रथिनाला चकाकण्याआधी परिपक्व व्हावे लागते आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. गाभ्यात ऑक्सिजनच नसेल, तर जनुक पूर्ण जोरात चालू असूनही तेथे अंधार दिसतो.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. महागड्या सूक्ष्मदर्शकाशिवाय यातले काही मुलांना दाखवता येईल का?

उत्तर : दाखवता येईल. ग्लुकोज घातलेल्या पोषक आगरमध्ये ब्रोमोक्रेसॉल पर्पल हे दर्शक मिसळा. ते सामू 6.8 च्या वर जांभळे आणि 5.2 च्या खाली पिवळे असते. आम्ल बनवणाऱ्या निरुपद्रवी लॅक्टिक जिवाणूंच्या विरळ वसाहती त्यावर वाढवल्या, की प्रत्येकीभोवती पिवळे वलय दिसते आणि ते दिवसागणिक रुंदावते. रोज पट्टी धरून वलयाची त्रिज्या मोजायला सांगा. तिचा वर्ग वेळेसमोर मांडला, तर विसरणाचा स्वभाव काही अंशी मुलांच्या हाती लागतो. आलेख अगदी सरळ येणार नाही, कारण वसाहतही मधल्या काळात वाढत असते. या वलयात आपण मिलिमीटरांतला, वसाहतीबाहेरचा उतार पाहत असतो; आतला नव्हे. बशा चिकटपट्टीने बंदच ठेवाव्यात, उघडू नयेत, आणि काम झाल्यावर निर्जंतुक करून टाकाव्यात.

प्रश्न : आमच्या लहान उद्योगात आम्लीकृत पदार्थ बनतात. आम्ही पदार्थ घुसळून सामू मोजतो, तो 4.4 येतो, आणि 4.6 ही मर्यादा पाळली जाते. वसाहतींच्या उतारांमुळे आमच्या पद्धतीत काही बदलावे का?

उत्तर : 4.6 ही मर्यादा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची वाढ आणि विषनिर्मिती रोखण्यासाठी घातलेली आहे. आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतींनी निर्माण केलेला उतार आपल्या दृष्टीने सहसा धोक्याचा नाही, कारण त्यात वसाहतीजवळचा सामू सरासरीपेक्षा आणखी खाली जातो आणि ती वसाहत स्वतःचीच वाढ आवळते.

काळजी करावी ती उलट्या उताराची. बुरशी आणि काही यीस्ट आम्लाचाच आहार म्हणून वापर करतात, आणि प्रथिने फोडून अमोनियाही सोडतात. त्यामुळे त्यांच्या खाली व भोवती सामू चढतो. पृष्ठभागावर बुरशीचा ठिपका आहे, त्याखालच्या थरात सामू 4.6 च्या वर गेला आहे, आणि उरलेला सगळा पदार्थ 4.4 वर आहे, अशा स्थितीत घुसळून घेतलेले वाचन 4.4 च येईल. शिवाय तीच बुरशी वरचा ऑक्सिजन संपवून खाली विनॉक्सी वातावरणही तयार करते. म्हणजे ज्या जिवाणूला रोखायचे, त्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात. बुरशी आलेला भाग काढून उरलेला पदार्थ वापरण्याची सवय आम्लीकृत पदार्थांत धोक्याची ठरते, ती यामुळेच.

आपल्याला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. घन तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत आम्ल पोहोचले आहे याची खात्री मात्र तुकडा मधोमध कापून, गाभ्याचा सामू वेगळा मोजून करावी. एक सेंटीमीटर आत शिरायला आम्लाला दिवसाहून अधिक वेळ लागतो, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. साठवणुकीच्या चाचणीतील नमुन्यांत घुसळण्याआधी वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर अलगद काढून, चपट्या टोकाच्या इलेक्ट्रोडने त्याचे वाचन स्वतंत्र घ्यावे आणि नोंदवहीत गाभा, पृष्ठभाग व सरासरी असे तीन रकाने ठेवावेत.